भिंतीआडचे गुपित

फराळाचे ताट शेजारी असताना खुनाच्या गोष्टी काढू नयेत, हे मला कळते. पण इंग्लंडातील ब्रॉडमूर इस्पितळाचा इतिहास वाचता वाचता एक प्रश्न मनात रुतून बसला, तो आज वाचकांपुढे ठेवतो. रोग्याचे गुपित राखावे, हा वैद्यकाचा फार जुना धर्म. परंतु त्या रोग्याने पूर्वी कुणाचा जीव घेतला असेल, तर रात्री त्याच्या उशाशी औषध घेऊन जाणाऱ्या परिचारिकेला ते सांगावे की नाही?

ब्रॉडमूर १८६३ साली उघडले. हातून गुन्हा घडला, पण वेडाच्या भरात घडला, अशांसाठी बर्कशायर परगण्यात ते बांधले. कोण कशापायी आत आला हे दप्तरात लिहिलेलेच असे. म्हणजे निदान वरिष्ठांना तरी सारे ठाऊक. तरी काय झाले पाहा. पहिले अधीक्षक डॉक्टर मायर १८६६ मध्ये प्रार्थनेला गेले असता एका रोग्याने रुमालात दगड बांधून त्यांच्या डोक्यात हाणला. त्यांच्यामागून डॉक्टर ऑरेंज आले. त्यांच्यावर १८८२ मध्ये हल्ला केला तो हेन्री डॉडवेल नावाच्या एका पाद्र्याने! या डॉडवेलने कुणाचा जीव घेतला नव्हता. १८७८ मध्ये त्याने एका न्यायाधीशावर पिस्तूल झाडले होते, पण न्यायाधीश सुखरूप राहिले होते. हल्ल्यानंतर चार वर्षांनी ऑरेंज यांनी काम सोडले.

आता त्याच भिंतीआडचा दुसरा रोगी घ्या. विल्यम मायनर हा अमेरिकन लष्करातला शस्त्रवैद्य. रात्री कोणीतरी खोलीत शिरून आपला छळ करते, या भ्रमाने तो पछाडलेला. १८७२ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात, कामावर निघालेल्या जॉर्ज मेरेट या निरपराध मजुराला त्याने गोळी घातली. मेरेटची बायको गरोदर होती, पदरी पोरे होती. दप्तर पाहाल तर डॉडवेलपेक्षा हा कितीतरी भयंकर. पण हाच गृहस्थ ब्रॉडमूरमधल्या आपल्या दोन खोल्यांत पुस्तकांचे ढीग रचून बसला आणि सुमारे वीस वर्षे ऑक्सफर्डच्या महाकोशासाठी शब्दांची अवतरणे धाडीत राहिला. मेरेटची विधवा त्याला भेटायला येई, येताना पुस्तके आणी! कादंबरीत मी असे लिहिले असते, तर संपादकांनी नक्कीच काट मारली असती.

कोशाचे संपादक जेम्स मरे त्याला तिथला एखादा डॉक्टरच समजत होते. खरी हकीकत त्यांना हार्वर्डच्या ग्रंथपालाकडून सहज बोलता बोलता कळली. मरे यांनी मायनरला त्याची चाहूल लागू दिली नाही. १८९१ मध्ये ते त्याला भेटायला गेले. भेटीच्या क्षणीच त्यांना उलगडा झाला, अशी एक आख्यायिका आहे. ती चटकदार आहे, पण खरी नाही.

गुन्ह्याच्या नावावरून आजचा धोका कळत नाही, तो असा. ‘खुनी’ हा शब्द एकदा कानी पडला, की जखम बांधणारा हात आखडतो आणि चहाच्या वेळी ती गोष्ट साऱ्या दालनात फिरते. परिचारिकेला हवे असते ते निराळेच: हा कशाने बिथरतो, सध्या काय लपवून ठेवतो, याच्याकडे एकटीने जावे की सोबत घ्यावी. एवढेही तिला न सांगता धाडणे, याला मी गुप्तता म्हणणार नाही. ती बेपर्वाई झाली.

शंभर वर्षांनी हीच गाठ न्यायालयात सुटायला आली. पाच जणांना गोळ्या घालून मारलेला एक रोगी बंदोबस्ताच्या इस्पितळात होता. सुटकेच्या वाटेने एखादे पाऊल पुढे पडावे म्हणून त्याच्या वकिलांनी १८८७ नव्हे, १९८७ मध्ये डॉक्टर एग्डेल यांचा अभिप्राय मागविला. घरगुती बॉम्ब करण्याची त्याची आवड एग्डेल यांना दिसली आणि त्यांनी ती स्पष्ट लिहिली. वकिलांनी अर्जच मागे घेतला. अहवाल फडताळात राहणार असे दिसू लागले. मग एग्डेल यांनी त्याची प्रत इस्पितळाच्या प्रमुखाकडे पोचविली. रोग्याने दावा लावला. १९८९ मध्ये अपील न्यायालयानेही डॉक्टरांच्याच बाजूने निकाल दिला.

मात्र खालच्या न्यायाधीशांनी आपल्या निकालात एक रेघ आखून ठेवली होती. ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांना सांगितले, ते ठीक. पण हा अहवाल वर्तमानपत्राला विकता येणार नाही, आणि रोग्याची ओळख न झाकता आठवणींच्या पुस्तकात किंवा मित्रांच्या गप्पांतही तो आणता येणार नाही. कायद्याच्या ग्रंथांत त्या रोग्याला आजही ‘डब्ल्यू’ एवढ्या एका अक्षरानेच ओळखतात.