जळालं जहाज, टिकली शाळा

९ जानेवारी १९७२. हाँगकाँग बंदरात 'क्वीन एलिझाबेथ' पेटलं. एकेकाळचं जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज. दुसऱ्या महायुद्धात यातून लाखो सैनिक गेले. १९७० मध्ये हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी ते घेतलं आणि नाव ठेवलं 'सीवाइज युनिव्हर्सिटी'. सैनिकांऐवजी आता विद्यार्थी न्यायचे, देशोदेशीची बंदरं दाखवत शिकवायचं, हा बेत. डागडुजी संपत आली आणि सगळं आगीत गेलं. आग एकाच वेळी अनेक ठिकाणी लागली होती. लावली कुणी, ते आजवर कळलं नाही.

कल्पना मात्र जुनीच. १९२६ साली 'रिंडम' बोटीतून सुमारे ५०० जण जगप्रदक्षिणेला निघाले होते. पेपरवाल्यांनी अभ्यासापेक्षा त्यांच्या दारूच्याच बातम्या रंगवल्या.

तरी तुंग थांबले नाहीत. 'युनिव्हर्स कॅम्पस' या लहान जहाजावर वर्ग चालूच राहिले. आजचा 'सेमिस्टर ॲट सी' त्याच परंपरेतला.

म्हणजे जहाज गेलं तरी शाळा टिकते. पण फी हजारो डॉलरमध्ये. मग सांगा मंडळी, जग बघून शिकणं चांगलंच, पण ज्याच्या बापाची ऐपत नाही त्यानं शिडी कुठून चढायची?