संबंधित नोंदींची मोजणी

डेटाबेसमधील एका तक्त्याच्या प्रत्येक नोंदीला दुसऱ्या तक्त्यातील किती नोंदी जोडलेल्या आहेत, हे काढण्याची क्रिया. गावात खाती किती, खात्यावर गट किती, गटात पिके किती, हे प्रश्न तलाठी दप्तरात संगणकाच्या फार आधीपासून आहेत. गाव नमुना ७ मध्ये जमिनीचा हक्क, १२ मध्ये पीक, ८अ मध्ये खातेनिहाय जमीन. तिन्ही नमुने वेगळे, पण गट क्रमांक आणि खाते क्रमांक यांनी एकमेकांशी बांधलेले. अशाच बांधणीला गणिती पाया देणारा एडगर कॉड यांचा लेख १९७० साली आला. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन व बॉइस यांनी मांडलेल्या भाषेतून आजची एसक्यूएल घडली.

दोन तक्ते ज्या रकान्याने जोडायचे त्याला की म्हणतात. ती निवडताना नवशिका हमखास नावावर विसंबतो, आणि तिथेच मोजणी फसते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे सहा तालुके आहेत. मालेगाव तालुका नाशिक जिल्ह्यातही आहे, कारंजा वर्ध्यातही. माणसे कारंजा लाड आणि कारंजा घाडगे असे म्हणून घोळ टाळतात. तक्त्यात नुसते ‘कारंजा’ लिहिले असेल तर यंत्राला फरक कळत नाही. राज्याचा तालुका तक्ता आणि गाव तक्ता केवळ तालुक्याच्या नावाने जोडले, तर दोन्ही मालेगावांच्या पुढे दोन्हीकडची मिळून गावे येतात. चूक झाल्याची कोणतीही सूचना येत नाही, हे अधिक घातक. जनगणनेत म्हणूनच प्रत्येक घटकाला संकेतांक असतो. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याचा ५०२ आहे.

की बरोबर निवडल्यावर एसक्यूएलमधील ‘ग्रुप बाय’ने गावनिहाय वर्ग पाडून ‘काउंट’ने मोजतात. मात्र साध्या जॉईनमध्ये, म्हणजे जोडणीत, ज्या गावाची एकही पीकनोंद नाही ते गाव यादीतूनच नाहीसे होते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली; तिच्या आढाव्यात तहसीलला नेमके तेच गाव दिसायला हवे. यासाठी गाव तक्ता डावीकडे ठेवून ‘लेफ्ट जॉईन’ करतात. त्यातही ओळी मोजल्या तर अशा गावापुढे १ येतो, कारण रिकामी ओळही ओळच असते. पीकनोंदीचा रकाना मोजला तरच ० येतो. खरीप हंगामाची अट जोडणीच्या ‘ऑन’ भागात द्यावी. जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या ‘व्हेअर’मध्ये घातली की शून्याचे गाव पुन्हा गळते.

एकाच मुख्य तक्त्याला दोन पोटतक्ते एकदम जोडले तर संख्या फुगते. सामाईक खात्यावर तीन भावांची नावे आणि दोन गट असतील, तर जोडणीत सहा ओळी तयार होतात, आणि खातेदार सहा व गटही सहा असे उत्तर येते. ‘काउंट डिस्टिंक्ट’ने पुनरुक्ती वगळता येते; पण क्षेत्राची बेरीज करायची असेल तर तो उपाय लागू पडत नाही, कारण दोन गटांचे क्षेत्र सारखेच असू शकते. प्रत्येक पोटतक्त्याची मोजणी आधी स्वतंत्र करून मगच जोडणे, ही खात्रीची रीत.

मोजणीपूर्वी ‘एक’ कशाला म्हणायचे हे ठरवावे लागते. ८अ चे खाते गावापुरते असते. रिसोड तालुक्यातील दोन गावांत जमीन असलेल्या शेतकऱ्याची खाती दोन होतात. जिल्ह्यातील खात्यांची बेरीज ही जिल्ह्यातील शेतकऱ्यांची संख्या नव्हे.