मुदतबाह्य दावा व लवादी निवाडा (शेअर व्यवहार)

शेअर-दलाल आणि ग्राहक यांच्या वादात लवादाने दिलेला निवाडा, मूळ दावाच मुदत उलटल्यावर आणला होता या कारणावरून न्यायालयाकडून रद्द करून घेण्याची कार्यवाही. भारतात ती लवाद व सलोखा अधिनियम, 1996 च्या कलम 34 खाली चालते. याच अधिनियमाच्या कलम 43 मुळे मुदत अधिनियम, 1963 लवादालाही लागू होतो. दिवाणी न्यायालयात जो दावा तीन वर्षांनी बाद झाला असता, तो लवादापुढे नेला म्हणून जिवंत होत नाही.

राष्ट्रीय शेअर बाजाराच्या उपविधींत पूर्वी लवादाकडे जायला अवघे सहा महिने मिळत. सेबीने 11 ऑगस्ट 2010 च्या परिपत्रकाने ही आखूड मुदत काढून सर्वसाधारण मुदत कायदा लागू केला.

मुदत किती, यावर फारसे भांडण होत नाही. भांडण होते ती कधी सुरू झाली यावर. समजा, ग्राहकाचा शेवटचा सौदा जून 2015 मध्ये कापला गेला आणि खात्यावर येणे निघाले. दलाल पुढे दरवर्षी त्यावर व्याज चढवत राहिला आणि 2019 मध्ये लवादाकडे गेला. खाते चालूच होते, शेवटची नोंद मार्च 2018 ची आहे, असे तो लेजर पुढे करून सांगतो. या युक्तिवादाला मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद 1 चा आधार घेतला जातो. पण तो परस्पर खात्यांसाठी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंची एकमेकांवर स्वतंत्र देणी हवीत. दलालाने आपल्याच वहीत आपणच टाकलेल्या व्याजाच्या नोंदीने मुदत वाढत नाही. कलम 18 नुसार ती नव्याने सुरू व्हायची तर देणेकऱ्याची सहीची लेखी कबुली लागते, तीही आधीची मुदत संपण्यापूर्वीची. नुसता पत्रव्यवहार चालू ठेवूनही भागत नाही. जिओ मिलर प्रकरणात (2019) सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे. विनापरवानगी सौद्यांची तक्रार करणाऱ्या ग्राहकालाही हाच नियम लागतो: कॉन्ट्रॅक्ट नोट आणि एसएमएस वेळच्या वेळी पोहोचले असतील, तर 'मला आत्ता कळले' हे गळी उतरवणे कठीण.

दाव्याचा शेवटचा दिवस मोजताना 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा कोविडकाळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वगळला जातो. मार्च 2020 च्या पडझडीतून उद्भवलेल्या वादांत हा हिशेब विसरून चालत नाही.

कलम 34 म्हणजे अपील नव्हे. कोणती तारीख खरी हे लवादाने पुरावा पाहून ठरवले असेल, तर न्यायालय सहसा पुन्हा त्यात शिरत नाही. मुदतीचा मुद्दा घेतलेला असताना लवादाने त्यावर काहीच निष्कर्ष दिला नाही, किंवा मान्य तारखांवरूनच दावा बाद दिसत असताना तो मंजूर केला, तर मात्र उघड बेकायदेशीरपणा म्हणून निवाडा धोक्यात येतो. लवादाने मुदतीचा प्रश्न आधी वेगळा निकाली काढला, तर तो अंतरिम निवाडा ठरतो आणि त्याला लगेच आव्हान देता येते (इफ्को विरुद्ध भद्रा प्रॉडक्ट्स, 2018).

आव्हानालाही मुदत आहे, आणि दुसऱ्याचा दावा मुदतबाह्य म्हणणारे पक्षकार नेमके इथेच अडकतात. सही केलेली निवाड्याची प्रत हाती पडल्यापासून तीन महिने. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी 30 दिवस. ही मुदत 90 दिवसांची नव्हे, कॅलेंडरच्या तीन महिन्यांची असते. त्यापुढचा उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, हे पॉप्युलर कन्स्ट्रक्शन निकालाने (2001) पक्के केले. अर्ज वेळेत पडला तरी 2015 च्या दुरुस्तीपासून निवाड्याला आपोआप स्थगिती मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते आणि पैशाच्या निवाड्यात न्यायालय बहुधा रक्कम भरायला लावते.