मृदंगाचा पाठ : तोंडातून वहीत, वहीतून हातात

 

दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी, चोपदार, अन्नदाते यांच्याविषयी लिहिणारी जाणती मंडळी आहेत. आम्हाला मृदंगाविषयी लिहायला सांगितलं. आमची शाळा चौथीपर्यंत, पण कीर्तनाला उभं राहून ४० वर्षं झाली. मागं मृदंग कसा बोलतो त्यावर कीर्तन तरतं का बुडतं, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. हल्ली पोरं विचारतात, "बुवा, पुस्तकावरून मृदंग येतो का?" त्याचं उत्तर आपल्या इतिहासातच आहे.

पूर्वी मृदंगाचं सगळं तोंडी होतं. गुरूनं बोल म्हणायचे, चेल्यानं मोट हाकताना, गोठ्यातलं शेण काढताना तेच घोकायचे. बोल जिभेवर बसल्याशिवाय कातड्याला हात लावू देत नसत. यात गुण असा की बोल मरेपर्यंत विसरायचा नाही. खोट अशी की गुरू गेला की विद्याही गेली. आणि कित्येक जण आपले खास बोल झाकून ठेवत, पोटच्या पोरालाच देत.

पुढं विद्या मोकळी करणारी माणसं झाली. १९व्या शतकात नाना पानसे झाले. मूळचे वाईजवळच्या बावधनचे, नंतर इंदूरच्या दरबारी गेले. मात्रा हातावर मोजून शिकवायच्या सोप्या रीतीशी त्यांचं नाव जोडतात. त्यांच्या शिष्यांनी महाराष्ट्रात पखवाज रुजवला. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीताची पुस्तकं छापली. भातखंड्यांनीही ताल-सूर कागदावर मांडायची खूणलिपी दिली. आपल्या संप्रदायात जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. फडावर आणि मठात मिळणारी विद्या शेतकऱ्याच्या पोराला शाळेसारखी मिळू लागली.

आपल्या दिंडीत वही आली ती मात्र अडचणीतून. पहिल्या मृदंगी बुवांनी काही लिहून ठेवलं नाही. दुसऱ्यांच्या वेळी एका आषाढीला त्यांना वाटेतच ताप भरला. दुसरा वाजवणारा नव्हता. काही मुक्काम नुसत्या टाळावर दिंडी चालली. पुढचे टाळकरी पळायचे, मागचे रेंगाळायचे, चालीला धर राहिना. त्या वर्षी चंद्रभागेच्या वाळवंटात जुन्या मंडळींनी ठरवलं, की बुवांना येतं ते लिहून घ्यायचं आणि दोन पोरं तयार करायची. आळंदीला शिकून आलेल्या एका गड्यानं दुकानदाराकडून लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली. बुवा म्हणायचे आणि तो लिहायचा.

त्या वहीत पहिल्या पानावर चौताल आहे, १२ मात्रांचा. धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन. समेला फुली, खालीला शून्य. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेला टाळी, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला खाली. पुढं भजनाचा ठेका, धुमाळी, मग तिहाया. रीतही लिहून ठेवली आहे. आधी टाळी देत तोंडानं म्हणायचं. मग मांडीवर वाजवायचं. मग मृदंगावर, पण ठाय लयीत. हात स्वच्छ पडला तरच दुगुण, त्यानंतर चौगुण. चौगुणीत बोल पुसट झाला की परत ठायवर यायचं. एका दिवसात पानं उलटायची नाहीत, एकच पाठ काकड्याच्या आधी रोज घोटायचा. नांगरटीत जशी एक तास नीट गेल्याशिवाय दुसरी धरत नाहीत, तसंच हे.

वहीमुळं तिसऱ्या पिढीला हात मिळाले, हे खरं. पण वहीत न मावणारंही पुष्कळ आहे. धुमेला कणीक किती लावायची, ती घट्ट हवी का सैल, हे बोटालाच कळतं. आषाढाच्या पावसात कातडं ओलावून आवाज बसतो, तेव्हा गठ्ठे कुठं ठोकायचे ते कानाला कळतं. आम्ही कीर्तनात बोलत असलो की मृदंग गप्प पाहिजे, प्रमाणाचा अभंग उचलला की त्याच क्षणी ठेका पडला पाहिजे. ते कुठल्या पानावर लिहिणार? ते कीर्तनकाराच्या तोंडाकडं आणि टाळकऱ्यांच्या पायाकडं बघून येतं.

म्हणून पोरांना आमचं सांगणं एवढंच, की पुस्तकावरून पाठ येतो, साथ येत नाही. साथ चालून येते. आता गावोगावची पोरं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पखवाजाच्या परीक्षा देतात, मोबाइलवर मोठमोठ्यांचं वादन ऐकतात. जरूर ऐकावं, परीक्षाही द्यावी. पण दिंडीत मृदंग गळ्यात घालून चार कोस चालल्यावरही जो ठेका ढळत नाही, तो आपला.

वहीची पानं आता पिवळी पडलीत, कडा झिजल्यात. शताब्दीच्या वर्षी ती नीट उतरवून घ्यावी आणि दर वस्तीवर एक प्रत ठेवावी, अशी मंडळींना हात जोडून विनंती. आणि प्रत घेणाऱ्यानं ती देव्हाऱ्यात ठेवून तिला नुसतं गंध लावू नये. रोज पहाटे उघडावी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.