फुकटचं व्हॉट्सॲप कमावतं कसं? वर्षाला एका डॉलरची गोष्ट

 

आजचा विषय तुमच्या हातातच आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना या एपिसोडची लिंक कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवली असेल. त्या मेसेजचे पैसे कुणी भरले? पाठवणाऱ्यानं नाही, तुम्हीही नाही. डेटा पॅकचे पैसे गेले, पण ते मोबाईल कंपनीला. मग व्हॉट्सॲपला काय मिळालं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधायला खुद्द कंपनीला पंधरा-सोळा वर्षं लागली. या काळात वर्गणी घेऊन झाली, पेमेंट करून झालं, धंदेवाल्यांचे मेसेज झाले आणि शेवटी जाहिराती आल्या. ती सगळी गोष्ट मी आज सांगणार आहे. माझा मुद्दा एकच आहे: सोशल नेटवर्क पैसे कुणाकडून घेतं, यावर ते कुणाचं ऐकणार हे ठरतं.

दोघे याहूवाले

यान कूम आणि ब्रायन ॲक्टन हे दोघं याहूमध्ये इंजिनियर होते. याहूची कमाई जाहिरातींवर चालायची, त्यामुळे तो धंदा त्यांनी आतून पाहिलेला होता. कूमचा जन्म युक्रेनचा, सोव्हिएत राजवटीतला. फोनवर जपून बोला, कुणीतरी ऐकत असेल, अशा वातावरणात तो वाढला. सोळा वर्षांचा असताना आईबरोबर अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावी आला. सरकारी मदतीच्या फूड स्टॅम्पवर घर चालायचं. २००९ साली त्यानं व्हॉट्सॲप सुरू केलं आणि ॲक्टन त्याला येऊन मिळाला.

दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, जाहिरात नको. जून २०१२ मध्ये कंपनीच्या ब्लॉगवर त्यांनी हे सविस्तर लिहिलं. मुद्दा असा, की जिथे जाहिरात असते तिथे विकला जाणारा माल म्हणजे तुम्हीच. त्यांना पैसे थेट वापरणाऱ्याकडून हवे होते. आयफोनवर सुरुवातीला ॲप घेतानाच ९९ सेंट भरावे लागायचे. नंतर नियम झाला, पहिलं वर्ष फुकट आणि पुढे वर्षाला ९९ सेंट. म्हणजे तेव्हाचे साधारण ५०-६० रुपये.

आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हा हिशोब चोख होता. कारण समोर एसएमएस होता. जरा मोठ्या श्रोत्यांना आठवत असेल, दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला एसएमएस पॅक चालायचे नाहीत. नेमक्या शुभेच्छा द्यायच्या दिवशी प्रत्येक मेसेजचे वेगळे पैसे कापले जायचे! त्या तुलनेत वर्षाला ५५ रुपये म्हणजे काहीच नाही.

कागदावर सोनं, गल्ल्यात चिल्लर

आता आकडे बघा. २०१३ च्या शेवटी व्हॉट्सॲप वापरणारे लोक ४० कोटींच्या घरात होते. प्रत्येकानं डॉलर दिला असता तर वर्षाला जवळपास ४० कोटी डॉलर जमले असते. प्रत्यक्षात त्या वर्षीचं उत्पन्न होतं सुमारे १ कोटी २ लाख डॉलर. डोक्यामागे अडीच सेंट, म्हणजे साधारण दीड रुपया. पहिलं वर्ष सगळ्यांनाच फुकट होतं आणि पुढचीही वसुली कडक नव्हती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकनं ही कंपनी १९ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. तेव्हाच्या भावानं एक लाख कोटी रुपयांहून जास्त. कंपनीत माणसं होती पन्नास-पंचावन्न. ज्या इमारतीत कूमचं कुटुंब फूड स्टॅम्पसाठी रांगेत उभं राहायचं, त्याच जुन्या इमारतीच्या दाराशी जाऊन त्यानं करारावर सह्या केल्या.

तेव्हा महिन्याला वापरणारे होते ४५ कोटी. १९ अब्ज भागिले ४५ कोटी, डोक्यामागे ४२ डॉलर. ज्या माणसाकडून वर्षाला अडीच सेंट येतात, त्याच्यासाठी ४२ डॉलर कुणी का मोजेल? वर्गणीवर डोळा ठेवून तर नक्कीच नाही.

वर्गणी गेली, पण कुणामुळे?

जानेवारी २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं वर्गणी बंद केली. कारण दिलं ते आपल्यासारख्या देशांना लागू पडणारं होतं. कंपनी म्हणाली, अनेकांकडे डेबिट किंवा क्रेडिट कार्डच नाही, आणि वर्षभरानं आपला मित्रांशी संपर्क तुटेल अशी त्यांना धास्ती वाटते.

गंमत बघा. तीनच महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, आपल्याकडे यूपीआय आलं. मोबाईलवरून पाच-दहा रुपये भरणं सोपं व्हायला लागलं. पण तोवर एक डॉलरवाला रस्ता बंद झाला होता.

ऑगस्ट २०१६ मध्ये नवं धोरण आलं. वापरणाऱ्याचा फोन नंबर आणि इतर काही माहिती फेसबुकला दिली जाणार होती. खरेदीच्या वेळी फेसबुकनं युरोपियन युनियनला सांगितलं होतं, की दोन्हीकडची खाती आपोआप आणि खात्रीनं जुळवता येणार नाहीत. ही माहिती दिशाभूल करणारी होती असं ठरवून युरोपियन कमिशननं मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला.

त्याच वर्षी ॲक्टन बाहेर पडला. २०१८ साली फोर्ब्सला दिलेल्या मुलाखतीत त्यानं सांगितलं, की त्यानं दुसरा मार्ग सुचवला होता. मोठ्या संख्येपर्यंत मेसेज फुकट द्यायचे आणि त्यापुढे अगदी किरकोळ दर लावायचा, आपल्या वीजबिलासारखं. यातून मोठा धंदा उभा राहणार नाही, असं म्हणून तो प्रस्ताव नाकारला गेला, असं त्याचं म्हणणं. लवकर निघाल्यामुळे सुमारे ८५ कोटी डॉलरच्या शेअर्सवर त्यानं पाणी सोडलं. पुढे सिग्नल ॲपमागच्या संस्थेला त्यानं ५ कोटी डॉलर दिले. २०१८ मध्ये कूमही गेला.

जाहिरातीशिवाय जमतच नाही का?

आता तुम्ही म्हणाल, कंपनी चालवायची तर जाहिरात घ्यावीच लागते. इथे जरा पूर्वेकडे बघूया.

जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर काही महिन्यांत लाइन नावाचं मेसेजिंग ॲप आलं. त्यानं कमाई उभी केली स्टिकर विकून. होय, स्टिकर! ब्राउन नावाचं अस्वल आणि कोनी नावाचा ससा. मेसेज फुकट, पण आवडीच्या स्टिकरचा संच हवा तर पैसे. २०१४ पासून तर कुणीही स्वतः काढलेले स्टिकर तिथे विकू लागलं. वाटा लाइनलाही, चित्रकारालाही.

चीनमध्ये वीचॅटनं वेगळीच शक्कल लढवली. तिकडे नववर्षाला घरातली मोठी माणसं लहानांना लाल पाकिटात पैसे देतात. आपल्या भाऊबीजेच्या ओवाळणीसारखं समजा. जानेवारी २०१४ मध्ये वीचॅटनं ही पाकिटं ॲपमध्ये आणली. ग्रुपवर एक रक्कम टाकायची, कुणाच्या वाट्याला किती येईल ते नशिबावर. घराघरांत धमाल सुरू झाली. मिळालेले पैसे वापरायचे तर बँक खातं जोडावं लागायचं, आणि लोकांनी ते हसत हसत जोडलं. तिथून दुकानं, टॅक्सी, बिलं, सगळं वीचॅटवर आलं, आणि दुकानदारांकडून छोटं कमिशन मिळू लागलं. या दोन्ही कंपन्या जाहिराती घेतच नव्हत्या असं नाही, पण जाहिरात हा एकच खांब नव्हता.

मग हे आपल्याकडे का झालं नाही? व्हॉट्सॲपनं प्रयत्न केला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतात दहा लाख लोकांसाठी यूपीआय पेमेंटची चाचणी सुरू झाली. पूर्ण परवानगी मिळायला नोव्हेंबर २०२० उजाडला, तीही सुरुवातीला फक्त दोन कोटी लोकांपुरती. मर्यादा हळूहळू वाढत गेली आणि २०२४ च्या शेवटी उठली. तोवर चहाच्या टपरीवर फोनपे आणि गूगल पेचे स्टिकर कधीच लागले होते. शिवाय साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही, असा नियम जानेवारी २०२० पासून आहे. तुमच्या-माझ्यासाठी ही चांगलीच गोष्ट, पण वीचॅटनं ज्या कमिशनवर कमाई केली, ते आपल्याकडे जवळजवळ शून्य आहे.

पैसे भरणारा बदलला

मग राहिलं कोण? दुकानदार आणि कंपन्या.

जानेवारी २०१८ मध्ये छोट्या धंद्यांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस आलं, ते फुकट. ऑगस्टमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी पैसे देऊन वापरायची व्यवस्था आली. बँकेचा ओटीपी, कुरियरची सूचना, कपड्यांच्या सेलचा मेसेज, यांचे पैसे ती कंपनी व्हॉट्सॲपला भरते. दर मेसेजच्या प्रकारानुसार वेगळे असतात. दुसरी कमाई फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या त्या जाहिरातींची, ज्यांवर बोट ठेवलं की थेट व्हॉट्सॲप उघडतं.

यातला एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला. एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, फेसबुकनं जिओ प्लॅटफॉर्म्समधला ९.९९ टक्के हिस्सा ४३,५७४ कोटी रुपयांना घेतला. त्यानंतर लगेच नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये चाचणी सुरू झाली: व्हॉट्सॲपवरून जिओमार्टला किराणा सांगा आणि जवळच्या दुकानातून आणा. आता तर मेट्रोचं तिकीटही व्हॉट्सॲपवर निघतं. २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी राज्य सरकारनं मेटाशी करार केला.

सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. तहसील कचेरीत हेलपाटे मारण्यापेक्षा फोनवर काम झालेलं कुणाला नको? पण एक लक्षात घ्या. जितकी कामं एकाच ॲपवर जातील, तितकं ते ॲप सोडणं अवघड होईल. २०२१ मध्ये नवं गोपनीयता धोरण आलं तेव्हा लोक चिडले, सिग्नल-टेलिग्राम उतरवून घेतले. पण घरचे आणि ऑफिसचे ग्रुप व्हॉट्सॲपवरच राहिले. ‘मान्य करा, नाहीतर निघा’ या पद्धतीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. कंपनीनं त्याविरुद्ध अपील केलं.

आणि जून २०२५ मध्ये ते झालंच. जिथे स्टेटस दिसतात त्या अपडेट्स टॅबमध्ये जाहिराती आणणार असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. सोबत चॅनेलची मासिक वर्गणीही. खाजगी गप्पा मात्र कुलूपबंदच राहतील, म्हणजे एन्क्रिप्टेड, आणि जाहिरातीसाठी शहर, भाषा, तुम्ही बघता ते चॅनेल अशी माहिती वापरली जाईल, असं सांगितलं गेलं. २०१२ चा तो ब्लॉग लिहिणारे दोघंही तेव्हा कंपनीत नव्हते.

मग पुढे काय?

एक डॉलरवाली वर्गणी मेली असं मला वाटत नाही, ती वेष बदलून परत आली आहे. मेटानं जून २०२३ पासून भारतात महिन्याला ६९९ रुपयांत निळी टिक विकायला काढली. युरोपात कायद्याच्या दबावामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरातमुक्त आवृत्ती आली, किंमत तेव्हा वेबवर महिन्याला ९.९९ युरो होती. आता तुलना करा. वर्षाला एका डॉलरमध्ये जाहिरात नसलेलं ॲप मिळत होतं. दहा वर्षांत, त्याच घरच्या दुसऱ्या ॲपसाठी, ती किंमत वर्षाला जवळपास १२० युरोंवर गेली. ॲप चालवायचा खर्च एवढा वाढलेला नाही. जाहिरातदार युरोपातल्या एका माणसामागे किती देऊ शकतो, त्याचा अंदाज मात्र या आकड्यावरून येतो.

म्हणून सोशल नेटवर्कनं कमाईचा नवा मार्ग काढला अशी बातमी आली, की मी आधी बघतो पैसे कोण भरणार. वापरणारा भरणार असेल तर त्याला राखावं लागतं. स्टिकर विकायचे तर ते आवडावे लागतात. दुकानदार भरणार असेल तर त्याचा मेसेज आपल्यापर्यंत पोचवणं हे ॲपचं काम होतं, आणि तो खर्च कधीतरी आपल्याच बिलात येतो. आणि जाहिरातदार भरणार असेल, तर आपण स्क्रीनवर जास्तीत जास्त वेळ थांबावं यातच त्याचा फायदा असतो.

आता तुमची पाळी. उद्या व्हॉट्सॲपनं विचारलं, महिन्याला २९ रुपये भरा, जाहिरात नाही, कंपन्यांचे मेसेज नाहीत, माहिती कुणाला देणार नाही, तर तुम्ही भराल का? आणि घरातल्या ज्या माणसाला हे २९ रुपये जड जातील, त्याचं काय करायचं? कारण २०१६ मध्ये वर्गणी काढताना कंपनीनं त्याच माणसाचं कारण पुढे केलं होतं, आणि ते कारण खोटं नव्हतं. तुमचं उत्तर नक्की कळवा, पुढच्या भागात त्यातली काही मी वाचून दाखवीन.

तोपर्यंत ऐकत राहा. भेटूच!