उत्तर न आलेले ईमेल आणि गप्प बसलेली दप्तरं

भांडुपला टेंभीपाड्यात माझी मावसबहीण राहते. तिची मुलगी फुटबॉल खेळते, डावीकडची डिफेंडर. दहावीच्या बोर्डाच्या तोंडावर, जानेवारीत, या मुलीने अमेरिकेतल्या वीस कॉलेजांच्या कोचना ईमेल पाठवले. मला फुटबॉल आवडतं, मला तुमच्याकडे शिकायचंय, खेळायचंय, वगैरे. सोबत प्रमाणपत्रांचे स्कॅन. दीड महिन्यात तीन ठिकाणांहून एक छापील फॉर्म आणि उन्हाळी शिबिराचं माहितीपत्रक आलं. एका छोट्या कॉलेजच्या कोचने मात्र नीट चार ओळी लिहिल्या. बाकी सगळीकडे शांतता.

घरात याचा अर्थ एकच लावला गेला: पोरगी त्यांना आवडली नाही. त्यात एका एजन्सीचा माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, "असं थेट लिहून कोणी उत्तर देत नाही. आमच्यामार्फत गेलात तर देतील." फी दीड लाख. ताईने मला फोन केला, "तू इतकं वाचतेस, जरा बघ ना." मी इतिहासात पीएचडी करते, फुटबॉलमधलं मला ऑफसाइडसुद्धा धड कळत नाही. पण म्हटलं, बघते.

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या तुम्हा मंडळींना हे सांगण्याचं कारण असं की पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते आपलंच काम होतं. दप्तर गप्प असेल तर आधी काय विचारायचं, हा प्रश्न.

उत्तर खरं तर नियमात होतं. अमेरिकेत कॉलेजांचे खेळ मुख्यतः एनसीएए ही संस्था चालवते. तिच्या वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, महिला फुटबॉलच्या कोचला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलीशी भरतीबद्दल पत्रव्यवहार करता येत नाही. छापील फॉर्म आणि शिबिराचं पत्रक चालतं, बाकी नाही. तळातल्या डिव्हिजन थ्रीला ईमेलवर असं बंधन नाही, म्हणून त्या छोट्या कॉलेजचा कोच लिहू शकला. (तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळू शकते.) बाकीचे गप्प होते कारण बोलायला मनाई होती. मुलीच्या खेळाबद्दल त्या शांततेत एक अक्षरही नव्हतं.

आता, नियम कळला की आपलं काम संपत नाही. नियम कधी आला, कुणाला आवरायला आला? हा २०१९ चा आहे. त्याआधी महिला फुटबॉलमध्ये लवकर भरतीचा कहर झाला होता. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने नववीतच कॉलेजला तोंडी शब्द देऊन बसलेल्या मुलींवर मोठा लेख छापला होता. नियम तेव्हाही होते. कोच मुलीला लिहायचे नाहीत, तिच्या क्लबच्या कोचला सांगायचे, आणि मुलीने फोन केला की उचलायचे. म्हणजे २०१० च्या आसपासचा पत्रव्यवहार उद्या कोणी तपासला तर त्यात काही सापडणार नाही, आणि भरती तर जोरात चालू होती!

पण मुळात मुलींच्या फुटबॉलला एवढे पैसे आले कुठून? इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. १९७२ चा टायटल नाइन हा कायदा सगळे सांगतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेदभाव करायचा नाही, एवढंच तो म्हणतो. मूळ इंग्रजी वाक्य ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दच नाही. खेळ पुढच्या नियमावल्यांतून, वादांतून आणि खटल्यांतून आत आला. अमेरिकन फुटबॉलच्या एका मोठ्या संघाला ८५ शिष्यवृत्त्या, त्याला मुलींच्या बाजूला जोड नाही, म्हणून समतोल साधायला भरपूर मुली लागणारे खेळ कॉलेजांना हवे झाले. अकरा जणींचा खेळ सोयीचा पडला. २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत डिव्हिजन वनच्या एका महिला फुटबॉल संघाला १४ शिष्यवृत्त्यांइतके पैसे वाटता येत, पुरुषांच्या संघाला ९.९. भांडुपच्या मुलीला आज जी दारं दिसतात ती या हिशेबातून उघडली आहेत.

आणि त्याच्याही आधी एक दार बंद होतं, तेही बायकांनीच लावलेलं. कॉलेजांतल्या मुलींचे खेळ १९७१ पासून एआयएडब्ल्यू नावाची संस्था बघायची. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकांनी चालवलेली. पुरुषांच्या खेळात भरतीच्या नावाखाली काय चालतं ते या बाईंनी जवळून पाहिलं होतं, म्हणून खेळासाठी शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलींना त्यांनी आपल्या स्पर्धांत खेळूच दिलं नाही. १९७३ मध्ये फ्लोरिडातल्या टेनिस खेळणाऱ्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक फर्न केलमायर कोर्टात गेल्या, तेव्हा संस्थेला बंदी मागे घ्यावी लागली. मला दोन्ही बाजू पटतात, आणि दीड लाख मागणारा तो माणूस डोळ्यासमोर आला की शिक्षिकांची जरा जास्तच.

पुढे एनसीएएने महिलांच्या स्पर्धा स्वतः सुरू केल्या आणि एआयएडब्ल्यू गुंडाळली गेली. एनसीएएच्या यादीत महिला फुटबॉलचं पहिलं विजेतेपद १९८२ चं, नॉर्थ कॅरोलायना. पण १९८१ लाही नॉर्थ कॅरोलायनाच जिंकली होती, एआयएडब्ल्यूच्या स्पर्धेत. एकाच संस्थेची यादी उघडून बसलात तर एक वर्ष हातातून निसटतं.

हे वाचताना मी थांबले, कारण हेच आपल्याकडेही झालंय. भारतात महिला फुटबॉल १९७५ पासून वेगळी संस्था चालवत होती, वुमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला. मधल्या काळात भारताच्या मुली आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेत्या ठरल्या: जानेवारी १९८० मध्ये कोळिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला. गोव्याच्या योलांडा डिसोझा, बंगालच्या शांती मलिक या त्या पिढीच्या. मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. समजा तुम्ही फक्त महासंघाची कागदपत्रं घेऊन "भारतीय महिला फुटबॉल" असा विषय गाईडसमोर ठेवलात, तर तुमचा इतिहास नव्वदीत सुरू होईल आणि त्या दहा-पंधरा वर्षांत मुली खेळतच नव्हत्या असं तुम्ही गंभीर चेहऱ्याने लिहाल. वर्तमानपत्रांचे क्रीडापान, जुनी छायाचित्रं आणि त्या बायकांशी गप्पा, इथून सुरुवात केलीत तर गोष्ट वेगळी दिसेल.

भांडुपमध्ये तर हे घरातच आहे. माझे भाऊजी एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात खेळाडू म्हणून लागले, कबड्डीवर. त्यांची जाड फाइल आहे, प्लास्टिकच्या कव्हरात एकेक प्रमाणपत्र. ताई खो-खो खेळायची, शाळेच्या संघाची कर्णधार होती. दहावीनंतर खेळ सुटला. तिच्याकडे एकही कागद नाही. त्या घराचा क्रीडा-इतिहास नुसत्या फायलीवरून लिहिला तर त्यात ताई नाहीच.

भाऊजींचा कागदावर इतका विश्वास का, तेही समजून घ्यायला हवं. आपल्याकडे खेळाचं मोल सरकारी नियमाने ठरतं. बोर्डाचे वाढीव गुण, अकरावी प्रवेशातला क्रीडा कोटा, २००५ च्या शासन निर्णयाने आलेलं नोकऱ्यांतलं ५ टक्के आरक्षण, सगळीकडे स्पर्धेचा स्तर, क्रमांक आणि शिक्का बघतात. नोकरीसाठी तर प्रमाणपत्राची वेगळी पडताळणी होते. ज्याने खेळ पाहिलाच नाही अशा अधिकाऱ्याला निर्णय करायचा आहे, तर तो कागदच मागणार. तिकडे निर्णय कोच स्वतः करतो, त्याला खेळ बघायचा असतो. म्हणून वीस ईमेलना जोडलेल्या त्या स्कॅनचा तिकडे फारसा उपयोग नव्हता.

एजन्सीला आम्ही नाही म्हटलं. भाऊजी दोन दिवस नाराज होते. "दीड लाखासाठी पोरीचं नुकसान नको व्हायला," हे त्यांचं वाक्य मला आठवडाभर टोचत राहिलं, कारण मी चुकले असते तर वर्ष तिचं गेलं असतं, माझं नाही.

१६ जूनला सकाळी भाचीने पुन्हा लिहिलं. या वेळी नऊच ठिकाणी, प्रत्येक संघात डावीकडे कोण खेळतं, त्यातलं कोण शेवटच्या वर्षाला आहे ते बघून. चार उत्तरं आली. दोघांनी गुणपत्रिका मागितल्या, एकाने नम्रपणे नाही कळवलं. चौथीने विचारलं, एका पूर्ण सामन्याचं न कापलेलं चित्रीकरण आहे का?

नव्हतं. आमच्याकडे फक्त गोल झाल्यावर ओरडणाऱ्या भाऊजींच्या मोबाईलचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे होते, आणि डिफेंडर त्यात दिसतच नाही. मग पुढच्या सामन्याला पहाटेच्या स्लो लोकलने आम्ही चौघं निघालो. ट्रायपॉड शेजाऱ्यांचा. मैदानाच्या कडेला एका उंचवट्यावर ताई नव्वद मिनिटं त्याला धरून उभी राहिली, वाऱ्याने हलू नये म्हणून. चित्रीकरणात अधूनमधून तिचा आवाज येतो, "मागे बघ, मागे." भाऊजींनी विचारलं, आवाज काढून टाकायचा का? भाची म्हणाली, राहू दे.