‘गॉसिप’ : धर्मनात्याचा एक विसरलेला शब्द

‘गॉसिप’ हा इंग्रजी शब्द आता मराठी संभाषणातही रुळला आहे. पाठीमागे केलेली कुचाळकी, एवढाच त्याचा अर्थ आपण जाणतो. परंतु हा शब्द मूळचा स्नानसंस्काराशी निगडित आहे.

मूळ अर्थ

प्राचीन इंग्रजीत ‘गॉडसिब’ असा शब्द होता. ‘गॉड’ म्हणजे देव व ‘सिब’ म्हणजे नातलग. भावंड या अर्थाचा ‘सिब्लिंग’ हा शब्दही याच ‘सिब’पासून आला. स्नानसंस्कारामुळे धर्ममातापिता, बालक आणि त्याचे जन्मदाते यांच्यात जे आध्यात्मिक नाते जुळते, ते या शब्दाने व्यक्त होई. यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांच्या इ. स. १०१४ च्या सुमाराच्या प्रवचनात तो आढळतो. समाजातील अनाचाराचा पाढा वाचताना धर्मसोयऱ्यांच्या हत्येचाही ते निषेध करतात.

अर्थाचा प्रवास

चौदाव्या शतकापर्यंत ‘गॉसिप’ म्हणजे जिवलग मित्र वा मैत्रीण, असा अर्थ रूढ झाला. बाळंतपणाच्या वेळी मदतीस जमणाऱ्या स्त्रियांनाही तेच नाव मिळाले. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ ‘चहाडखोर व्यक्ती’ असा झाला, तर एकोणिसाव्या शतकात त्या व्यक्तीऐवजी तिच्या बोलण्यालाच ‘गॉसिप’ म्हणू लागले.

आपल्याकडील उदाहरण

याच नात्याचा पोर्तुगीज शब्द ‘कोंपाद्रे’. बालकाचा पिता व धर्मपिता एकमेकांना या नावाने संबोधत. वसईवर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांची सत्ता होती. तेथील सामवेदी ख्रिस्ती समाजाचे ‘कुपारी’ हे नाव याच शब्दापासून आल्याचे मानले जाते. इंग्लंडमध्ये धर्मनात्याचा शब्द कुचाळकीपर्यंत घसरला; वसईत मात्र तो एका संपूर्ण समाजाची ओळख बनला.

आपल्या परिसरात

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे निरनिराळ्या प्रांतांतील कॅथलिक कुटुंबे शेजारी नांदतात. मराठीतील ‘धर्मपिता’ कोकणीत ‘पाद्रीन’ होतो, तर मल्याळममध्ये ‘तलतोट्टप्पन’, म्हणजे मस्तकाला स्पर्श करणारा पिता.

येथे एक भेद ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. हे नाते पूर्वी विवाहास प्रतिबंधक होते. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये त्याची व्याप्ती कमी केली आणि लॅटिन विधीच्या १९८३ च्या संहितेत हा अडथळा उरला नाही. पौर्वात्य चर्चच्या १९९० च्या संहितेत मात्र तो कायम आहे. त्यानुसार धर्मपिता वा धर्ममाता यांचा विवाह धर्मबालकाशी किंवा त्याच्या जन्मदात्यांशी वैध ठरत नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांतातील कुटुंबांना हाच नियम लागू होतो. दोन विधींतील कुटुंबांचा संबंध येत असल्यास धर्मगुरूंचा आधीच सल्ला घ्यावा.

लॅटिन संहितेनुसार धर्मपिता वा धर्ममाता सामान्यतः सोळा वर्षे पूर्ण झालेली, दृढीकरण संस्कार लाभलेली, श्रद्धेला साजेसे जीवन जगणारी कॅथलिक व्यक्ती असावी. बालकाचे जन्मदाते ही जबाबदारी घेऊ शकत नाहीत. तिचे कर्तव्य भेटवस्तू देऊन संपत नाही. बालकाला श्रद्धेत वाढविण्यास साहाय्य करणे, हेच ते कर्तव्य होय.

शब्दाचा अर्थ पालटला तो पालटला. त्यामागील नाते विस्मृतीत जाऊ न देणे मात्र आपल्या हाती आहे.